काडेपेट्यांचा पुडा

परवा आमच्या गल्लीतल्या एका सद्‌गृहस्थाने माझं कौतुक केलं. निमित्त त्याच्या घरचं. त्याचे दोघे थोरले भाऊ सत्तरीला टेकलेत आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत. तो म्हणाला, "मास्तर, तुमच्या पिढीत असं नव्हतं. तुम्ही नाही का पाड्यावरच्या म्हाताऱ्या भावाबहिणीला शेवटपर्यंत सांभाळलंत?" मी हातातला कप खाली ठेवला आणि म्हटलं, "मी सांभाळलं नाही. मी वाट लावली." तो हसला. त्याला वाटलं, विनय आहे. म्हाताऱ्या माणसाने खरं सांगितलं की लोकांना तो विनय वाटतो, आणि रागाने सांगितलं की वय झालं म्हणतात. दोन्हींचा मला मनस्वी वैताग आहे. म्हणून आता लिहूनच काढतो. कागद निदान मधेच हसत नाही.

आम्ही तिघं भावंडं. सगळ्यांत मोठी बहीण, तिला मी बाय म्हणायचो. तिच्या पाठचा दादा. आणि दादानंतर वीसेक वर्षांनी मी. मधली चार-पाच जगली नाहीत. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. बाय तेव्हा खोडाळ्याकडे दिलेली होती. ती आली, दिवस होईपर्यंत थांबली आणि मला पाठीशी बांधून सासरी घेऊन गेली. तिचं स्वतःचं एकही मूल हाती लागलं नाही, त्यामुळे तिच्या वाट्याची सगळी माया मलाच मिळाली. मी सात वर्षांचा झालो तेव्हा दादा मला न्यायला आला. जव्हारला ज्या मास्तरांच्या घरी तो लाकडं टाकायचा, त्यांनी मला ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. घाटी वाटेने, कधी चालवत कधी खांद्यावर घेत, त्याने मला जव्हारला आणलं आणि शाळेत बसवलं. पुढे मी जव्हार संस्थानातच मास्तर झालो. एकीने जगवलं आणि दुसऱ्याने शिकवलं, असा माझा हिशेब सरळ आहे. त्यांना मी काय दिलं ते पुढे येईलच.

आमचा पाडा जव्हारहून मोखाड्याकडे जाताना वाट सोडून आत होता. बारा-तेरा उंबरे. जमीन संस्थानच्या हद्दीत, आणि आठवड्याचा बाजार मोखाड्याचा, म्हणजे इंग्रजी मुलखातला. आमच्या लोकांना त्यात काही नवल वाटत नसे. मीठ आणि तंबाखू जिथे मिळेल तिथे माणूस जातो.

बायचा नवरा वारला तेव्हा ती साठीच्या आसपास होती. वर्षभर दिराच्या पोरांनी ठेवलं, मग त्यांच्या बायकांना ती जड झाली. एके दिवशी ती एक सूप, दोन मडकी आणि डालग्यात एक कोंबडी एवढं घेऊन दादाच्या अंगणात उभी राहिली. दादाची बायको कधीच गेली होती आणि मुलगी लांब दिलेली होती. तो एकटाच नागली पिकवायचा आणि एकटाच रांधून खायचा. त्याने विचारलं नाही, का आलीस. पडवीच्या बाजूला कारवीचा कूड उभा केला, शेणामातीने लिंपला, आणि त्या बाजूला स्वतंत्र दार पाडून दिलं. बायने आत गेल्या गेल्या ओढ्यातले तीन दगड आणून आपली चूल मांडली.

इथे शहरातल्या वाचकाला प्रश्न पडेल, दोन म्हातारी माणसं, एक छप्पर, मग दोन चुली कशाला? मलाही पडला होता आणि मी शहाणपणाने तो विचारलाही होता. बाय म्हणाली, "भावाच्या चुलीवर जेवले तर मी कोण? पोसलेली." आमच्या पाड्यात माणूस मोजत नसत, चूल मोजत. लावणीला एकमेकांकडे राबायला जायचं ते चुलीमागे एक. पेरणीआधी गावदेवाला बकरा पडतो, त्याचे पळसाच्या पानांवर वाटे घालतात तेही चुलीमागे एक. ज्या बाईची चूल नाही तिच्या नावाने पान मांडलं जात नाही. लग्नाला तिला वेगळं बोलावणं येत नाही. ती असते, पण गायीवासरासारखी कुणाच्या तरी दावणीची असते. बायला दावण नको होती. साठीला आल्यावर, नेसत्या लुगड्यानिशी येऊनही, ती पाड्यातलं एक घर म्हणून आली होती. दादाने हे न सांगता ओळखलं आणि कूड घातला. मला हे कळायला जी वर्षं लागली त्यांची मला आज लाज वाटते.

मग त्यांचं भांडण झालं. तेही कशावरून, तर त्या कोंबडीवरून. दादाने फांद्या-पाल्याचा राब जमिनीवर भाजून तिथे नागलीची रोपं टाकली होती. बायची कोंबडी त्या वाफ्यात शिरली आणि तिने निम्मा वाफा उकरून काढला. दादाने दगड भिरकावला, कोंबडीचा पाय मोडला. बाय अंगणात येऊन काय काय बोलली ते तिने मला कधी सांगितलं नाही. दादा काय बोलला ते मात्र सांगितलं, आणि पुढे दहा वेळा सांगितलं. तो म्हणाला होता, "दिली तठं जाऊन मर."

त्या दिवसापासून दोघांचा अबोला. मी त्यानंतर सुट्टीत गेलो तेव्हा प्रकार पाहून थक्क झालो. दोघं कुडाच्या दोन बाजूंना बसलेली, मधे कारवीच्या काड्या आणि बोटभर माती, एकाचा श्वास दुसऱ्याला ऐकू यायचा. आणि दादा मला म्हणायचा, "तिला सांग, ओढ्याकडची वाट निसरडी झालीय, वरच्या झऱ्यावर जा म्हणावं." मी तोंड उघडायच्या आत पलीकडून आवाज यायचा, "त्याला सांग, मना डोळे आहेत." मी मधे बसून मान इकडून तिकडे वळवायचो. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी डोकं फिरलं. जव्हारला शाळेत मी पोरांना एकोप्याचे धडे द्यायचो आणि माझी सख्खी भावंडं एका कोंबडीच्या पायावरून एकमेकांना मेलेली होती.

अबोल्याला एकच सवलत होती. विस्तव. आमच्याकडे चूल रात्री राखेने झाकून ठेवायची आणि सकाळी निखारा फुंकून पेटवायची, असा रिवाज. कुणाचा विस्तव विझला तर शेजारी मागायचा. विस्तव मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत, वैऱ्यालाही नाही. सकाळी बाय हातात खापरी घेऊन दादाच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "इस्तू दे." दादा उठायचा, सावकाश चिमट्याने निखारे निवडायचा, खापरीत टाकायचा आणि म्हणायचा, "घे." एवढंच. दिवसभरात दोघांचं बोलणं म्हणजे हे तीन शब्द.

मी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस राहिलो आणि चारही सकाळी बायलाच दारात उभी असलेली पाहिली. थंडी चांगली पडली होती. ती अंगावर फाटकं फडकं घेऊन कुडकुडत उभी असायची आणि हा आत निखारे निवडत बसायचा, जणू सोनारकाम चाललंय. माझं रक्त तापलं. जिने मला पाठीवर वाढवलं ती बाई एका निखाऱ्यासाठी भावाच्या दारात भिकारणीसारखी उभी राहते, हे मला बघवेना. मी एवढा शिकलेला, पण एक साधी गोष्ट माझ्या टाळक्यात आली नाही. मी आलो की माझ्या अंघोळीचं पाणी तापवायला दादा आपल्या चुलीत मोठा ओंडका घालून ठेवायचा. म्हणून त्या चार दिवसांत विस्तव नेहमी त्याच्याच बाजूला असायचा. मी नसताना दादा तिच्या दारात किती वेळा उभा राहायचा, ते मी पाहिलेलंच नव्हतं. पाहिलं तेवढ्यावर मी निकाल देऊन मोकळा झालो. मास्तरकीची ती सवयच असते.

पाचव्या दिवशी मी मोखाड्याच्या बाजारात गेलो आणि काडेपेट्यांचा एक अख्खा पुडा घेऊन आलो. अर्ध्या पेट्या बायला दिल्या, अर्ध्या दादाला. बायला काडी ओढायला शिकवली. तिने ती काडी इंगळीची नांगी धरावी तशी दोन बोटांत लांब धरली होती. पेटली तेव्हा दचकून टाकून दिली, मग हसली, मग पुन्हा पेटवली. मी म्हटलं, "बाय, आता कुणाच्या दारात उभं राहायचं नाही." ती पेटीकडे बघत म्हणाली, "मना कशाला रं ही?" मी आवाज चढवला. "मी सांगतो म्हणून." तेव्हा ती बरं म्हणाली. मी तिचा शिकलेला भाऊ होतो. पाड्यात ती माझ्या अकलेच्या गोष्टी सांगत फिरायची. तिने माझा शब्द मोडला नसता.

दादाला तर मी फैलावर घेतलं. अंगणात, दोन शेजारी ऐकत असताना, म्हणालो, "म्हातारीला थंडीत दारात उभी करतोस, लाज वाटत नाही? यापुढे विस्तवासाठी कुणी कुणाच्या दारात जायचं नाही, तीही नाही आणि तूही नाही." दादाने मान वर केली नाही. कमरेच्या बटव्यातून चकमक काढली, गारेवर घासली, कापसावर ठिणगी पाडली आणि चिलीम पेटवली. मी समोर उभा होतो. ती चकमक मी लहानपणापासून रोज पाहत आलो होतो, त्याही दिवशी पाहिली. आणि तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

जव्हारला परत आल्यावर मी ही हकीकत मोठ्या तोऱ्यात आमच्या शेजाऱ्याला सांगितली. तो मुसलमान, कल्हईवाला, आणि त्याची विधवा थोरली बहीण त्याच्याच घरी राहायची. भांड्याला कथील फासता फासता तो म्हणाला, "मास्तर, आमच्या घरी पेटी आहे. माझ्या दुकानात दिवसभर भट्टी आहे. तरी माझी आपा रोज सकाळी समोरच्या म्हातारीकडे विस्तव मागायला जाते." मी विचारलं, का. तो म्हणाला, "ते मी कधी विचारलं नाही. ती वेळेवर परत आली की मी दुकान उघडतो." मी म्हटलं, बायकांना गप्पा मारायला निमित्त लागतं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भांडं पालथं केलं.

माघात निरोप आला. पाड्यावरचा एक माणूस जव्हारला काही कामाने आला होता, त्याने शाळेच्या दारातून सांगितलं, "तुमची बाय पडली. उठता येत नाही." मी तसाच निघालो.

काय झालं ते मी दोघांच्या तोंडून वेगवेगळं ऐकलं आणि मग जोडलं. बाय पहाटे उठली, कोनाड्यातली पेटी काढायला उंच झाली, पाय सरकला आणि चुलीच्या दगडावर खुब्यावर पडली. चूल पेटलेलीच नव्हती. ती तिथेच आडवी होती. कुडापलीकडे, चार हातांवर, दादा उठला. त्याने पाहिलं, बायच्या बाजूने धूर नाही. पूर्वी धूर नसता तर त्याने खापरी उचलली असती आणि तिच्या दाराशी जाऊन उभा राहिला असता, किंवा ती याच्या दाराशी आली असती. आता मी चारचौघांत हुकूम सोडलेला होता. तो मनाशी म्हणाला, पेटी आहे तिच्याकडे, पेटवील कधीतरी. राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटायच्या होत्या. कोयता घेतला आणि तो रानात गेला.

दुपार उलटल्यावर परत आला तेव्हा पडवीतलं डालगं धडधडत होतं. आत ती लंगडी कोंबडी अजून कोंडलेलीच होती. बाय उजाडल्या उजाडल्या तिला सोडायची. दादाने कोयता टाकला आणि कुडाला वळसा न घालता कारवी मोडूनच आत शिरला. ते भगदाड मी गेलो तेव्हा तसंच होतं.

त्याने तिला उचलून आपल्या चुलीपाशी आणलं होतं. हाड बसवणारा येऊन बांबूच्या कांबी बांधून गेला होता. ती पेंढ्यावर पडून होती आणि दादा तिला नागलीची पेज पाजत होता. मी तिच्याजवळ बसलो आणि तिला विचारलं, "बाय, तो पलीकडेच होता. हाक का नाही मारलीस?"

ती म्हणाली, "तो उठला, खोकला. मना वाटलं, आता इस्तू मागाय येल. आला असता तर बोलले असते."

"पण तू पडली होतीस."

"मग काय झालं? मी पहिली कशी बोलू? त्यानं मना मर म्हटलं होतं."

दादा तिथेच बसला होता. त्याने पेजेचं मडकं खाली ठेवलं. मला राग अनावर झाला. तो नेमका कुणावर होता हे तेव्हा मला ठरवायचं नव्हतं, म्हणून मी तो दादावर काढला. धूर दिसला नाही तरी तू कसा गेलास, चार पावलं टाकायला तुझे पाय मोडले होते का, स्वतः सुखाने पेटी ओढून चहापाणी करून निघालास, असं तोंडाला येईल ते बोललो.

दादा उठला. आढ्यात खोचलेल्या पेट्या काढल्या आणि माझ्या पुढ्यात टाकल्या. एकीलाही हात लागलेला नव्हता. मग बटवा उलटा केला. चकमक आणि गार खाली पडली.

"ही माझ्याकडं कधीपासून आहे?" त्याने विचारलं.

मी वाकून चकमक उचलली.

"मना इस्तू मागायची गरज होती का रं कधी?"

मग कळलं. त्याला कधीच गरज नव्हती. कमरेला आग बांधून फिरणारा माणूस खापरी घेऊन बहिणीच्या दारात उभा राहत होता. आणि ती? तिच्या चुलीतला विस्तव चाळीस वर्षं सासरी कधी विझला नव्हता, तो इथे अबोला धरल्यावरच एक दिवसाआड का विझायला लागला? मी बायकडे पाहिलं. तिने तोंड भिंतीकडे केलं होतं. अबोला त्यांनी अभिमानापोटी धरला होता आणि तो न मोडता एकमेकांना बघता यावं म्हणून विस्तव विझवत होते. सकाळी दारात दुसरा दिसला की हायसं वाटायचं, आजचा दिवस तरी तो आहे. या सगळ्याला मी भीक म्हटलं होतं. अख्ख्या संस्थानात माझ्याइतका गाढव मास्तर दुसरा नसेल.

मी म्हटलं, जव्हारला नेतो, दवाखान्यात दाखवतो, माझ्या घरी ठेवतो. बाय म्हणाली, "माझी चूल?" मी म्हटलं, चूल गेली खड्ड्यात. ती म्हणाली, "वैशाखात गावदेवाचा बकरा पडंल. माझी चूल थंड दिसली तर माझं पान मांडायचे नाहीत." मरणाच्या दारात असलेल्या बाईला मटणाच्या एका वाट्याची पडली आहे, असं मला त्या वेळीही क्षणभर वाटलं. म्हणजे एवढं होऊनही माझ्या अकलेत फरक पडलेला नव्हता.

तिला तिच्या बाजूला, तिच्या चुलीजवळ नेऊन ठेवायचं दादानेच ठरवलं. त्यानंतर जे सुरू झालं ते मी उन्हाळ्याच्या सुट्टीत डोळ्यांनी पाहिलं. सकाळी दादा खापरी घेऊन कुडाला वळसा घालून तिच्या दारात उभा राहायचा. भगदाड मोठं होतं, तिथून हात घातला तरी चाललं असतं, पण तो दारातूनच यायचा. तिची चूल त्यानेच आदल्या दिवशी राखलेली असायची. तो म्हणायचा, "बाय, इस्तू दे." ती पडल्या पडल्या म्हणायची, "घे." मग तो तिच्या चुलीवर तिचा भात शिजवायचा, आपल्या चुलीवर जाऊन आपली भाकर थापायचा, आणि भाकर घेऊन परत तिच्याकडे येऊन बसायचा. साठीला टेकलेला म्हातारा दोन चुलींसाठी लाकडं तोडत होता, दोन चुली सारवत होता, दोन्हीकडे फुंकर घालून डोळे लाल करून घेत होता. तिची अंगधुणीही तोच करायचा. पाड्यातल्या बायका नाकं मुरडायच्या. बहिणीचं असलं काम भावाने करायचं नसतं म्हणे. करायला मात्र त्यांतली एकही आली नाही. त्या बायकांचाही राग माझ्या मनातून गेलेला नाही. अबोला कधी सुटला हे दोघांनीही सांगितलं नाही. भांडणं मात्र जोरात सुरू झाली होती. मीठ जास्त झालं यावरून ती त्याला अर्धा अर्धा तास झाडायची.

वैशाखात बकरा पडला. मी होतो. गावदेवापुढच्या अंगणात पळसाची पानं ओळीने मांडली गेली आणि पाड्याचा कारभारी नावं घेत वाटे टाकायला लागला. दादाचं पान झालं आणि तो पुढच्या घराकडे वळला.

दादा म्हणाला, "बायचं राहिलं."

कारभारी म्हणाला, "म्हातारी उठत नाय. चूल तूच पेटवतोस, जेवतोस तूच. एका माणसाला दोन वाटे कसे द्यायचे?"

दोघंचौघं हसले. मी पुढे व्हायला निघालो. मला भाषण करायचं होतं. दादाने हाताने मला मागे सारलं, तसाच कारभाऱ्याचा दंड धरला आणि त्याला ओढत अंगणाच्या टोकाशी नेलं. तिथून आमचं छप्पर दिसत होतं.

"मोज," तो म्हणाला.

छपरातून दोन ठिकाणी धूर निघत होता. कूड फुटलेला होता, तरी दोन.

"मी माझ्या बहिणीला एकदा मर म्हटलंय," दादा म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, पण कारभाऱ्याचा दंड त्याने सोडला नव्हता. "पुन्हा कोण म्हणंल त्याचं नाव सांग."

कारभाऱ्याने परत येऊन एक पान मांडलं. दादाने तो वाटा नेऊन तिच्या चुलीवर शिजवला. तिने दोन घास खाल्ले आणि उरलेलं मला खायला लावलं. मी तिच्या घरचा पाहुणा होतो.

भादव्यात ती गेली. ओढ्यांना पूर होता. मला निरोप पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. भेटायला आलेली माणसं म्हणाली, सुटली बिचारी. मला प्रत्येकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिला कुठे सुटायचं होतं? पुढच्या वैशाखासाठी तिने दोन कोंबडीची पिल्लं राखून ठेवली होती.

त्या दिवाळीत मी गेलो. दादाने कूड पुन्हा लिंपून घेतला होता. तिची चूल मोडली नव्हती, पण ती थंड होती. मी म्हटलं, "दादा, चल माझ्याकडे जव्हारला." तो म्हणाला, "तठं माझं काय?" मी त्याला शंभर कारणं दिली असती, पण एकाही कारणात त्याची चूल नव्हती. माझ्या घरात तो कोण, हे बायने मला कधीच सांगून ठेवलं होतं. मी हट्ट केला, चिडलो, ओरडलो. त्याने लंगड्या कोंबडीला दाणे टाकले.

निघायच्या आदल्या रात्री मी मुद्दाम बायच्या बाजूला झोपलो. सकाळी उठलो तेव्हा कडाक्याची थंडी होती. माझ्या सदऱ्याच्या खिशात काडेपेटी होती. मी तिला हात लावला नाही. कोनाड्यातली बायची खापरी घेतली, कुडाला वळसा घालून दादाच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "दादा, इस्तू दे."

दादाने वळून पाहिलं. मग चिमटा घेऊन सावकाश निखारे निवडायला लागला, एकेक उलटून, ज्यात जीव आहे तेवढेच. मी कुडकुडत उभा होतो आणि पहिल्यांदा मला कळलं की तो वेळ का लावायचा. तेवढा वेळ दारात कुणीतरी उभं असतं. त्याने खापरी भरली. घे म्हटलं नाही.

"उद्या कोण मागंल?" त्याने विचारलं.

मी खापरी घेऊन बायच्या बाजूला गेलो. चूल पेटवली, पेज शिजवली, दोघांनी मिळून खाल्ली. दुपारी मी जव्हारची वाट धरली. सोमवारी शाळा उघडायची होती.

त्या दिवाळीनंतरच्या माघात दादा गेला. धूर दिसत नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं तेव्हा लोक दार ढकलून आत गेले. मी पोचल्यावर घरोघर जाऊन विचारलं. तो कोणत्या दिवशी गेला, हे पाड्यात एकालाही सांगता आलं नाही.